जुनी गाडी घरीच चालू होईना : तुमचे अनुभव लिहा

आमची 2003 ची मारुती 800, एमएच-11, बाबांनी हौसेनं घेतलेली. गेल्या हिवाळ्यात साताऱ्यात शाहूपुरीतल्या घरासमोर एका सकाळी अडून बसली. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लख्ख, सेल्फ मारला की नुसतं एक 'टक्'. गल्लीत सगळ्यांचं एकमत, बॅटरी गेली, नवी घ्या.

घरात व्होल्ट मोजायचा मीटर होता म्हणून बघितलं. बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टोकं धरली आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं : 12.3. तीच टोकं वायरच्या क्लॅम्पवर धरली : 6 सुद्धा नाही. म्हणजे करंट खुंटी आणि क्लॅम्पच्या मधेच अडत होता. आधी मायनस सोडली, मग प्लस. क्लॅम्पच्या आत पांढरट-हिरवी खपली धरली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतल्यावर ती फसफसून निघाली. पॉलिश पेपर मारला, कोरडं केलं, प्लस आधी आणि मायनस शेवटी आवळली, वरून व्हॅसलीन. अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू! बाबा आतून चहाचा कप घेऊनच बाहेर आले.

तुमची गाडी अडली तेव्हा आवाज कसला येत होता आणि शेवटी निघालं काय, तेवढं जरूर लिहा. माझ्या मते निम्मं निदान त्या आवाजातच असतं.

कराडहून

ताई, अगदी खरं. आमच्या जुन्या डिझेल जीपचा सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. आदल्या दिवशी मीच डिझेल फिल्टर बदलला होता. लाइनमध्ये हवा राहिली होती. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारत राहिलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हाच स्क्रू आवळला. त्याआधी दहा मिनिटं सेल्फ मारून बॅटरी निम्मी बसवली होती, ते करू नका. एका वेळी दहा सेकंद पुरे, मग जरा दम घेऊ द्या.

मेढ्याहून

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कार्बोरेटरवाली जुनी गाडी, जुलैत उघड्यावर उभी. सेल्फ फिरतो, पेट्रोलचा वास येतो, पण स्पार्क नाही. दिवसा काही दिसेना. रात्री अंधारात बॉनेट उघडून मुलाला सेल्फ मारायला लावलं, तर डेल्कोच्या (प्लगना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपवरून आणि प्लगच्या वायरींवरून बारीक निळ्या ठिणग्या पळताना दिसल्या. ओलाव्यामुळे करंट बाहेरच्या बाहेर उतरत होता. चावी बंद करून कॅप काढली, आतून-बाहेरून सुक्या फडक्यानं पुसली, वायरी पुसल्या. चालू झाली. पुढं वायरींचा सेटच बदलला, वरचं रबर तडकलं होतं. इंजिन फिरत असताना त्या वायरींना हात लावू नका, झटका जबर बसतो.

गोडोलीहून

इंजेक्शनवाल्या गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'गुंऽऽ' येतो, तो पेट्रोल पंपाचा. आमच्या गाडीत तो बंद झाला होता. फ्यूज ठीक, रिले ठीक. उंदरानं वायर कुरतडली होती.

यवतेश्वर रस्त्यावरून

आमचं घर उतारावर, त्यामुळे धक्का स्टार्टची सवय. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गाडी सोडायची, वेग आला की क्लच झटकन सोडायचा. पण इंजिन बंद असताना ब्रेक दगडासारखा कडक लागतो, पॉवर स्टिअरिंगही जड होतं. म्हणून घाटाच्या तोंडाशी हा प्रयोग नको, पुढं सपाटी दिसत असेल तरच. ऑटोमॅटिक गाडी अशी चालू होत नाही.

शाहूपुरीहून पुन्हा

मेढ्याचे दादा, अंधारात बघायची युक्ती मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, आपल्याही वायरींची रबरं एकदा बघू. आज रात्री बघतोय.