‘व्हॅल्किरी’च्या निमित्ताने: कटाच्या चित्रपटांत नेमके काय कापले जाते?

राजारामपुरीकर

मंगळवार पेठेतील आपल्या एका मित्राने या गटात लिहिले की हिटलरच्या हत्येच्या कटावरील ‘व्हॅल्किरी’ हा २००८ सालचा चित्रपट थरारपट म्हणून निर्दोष आहे आणि त्यात इतिहासाच्या चुका शोधणाऱ्यांना चित्रपट पाहताच येत नाही. हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तपशिलाबद्दल माझी मोठी तक्रार नाही. २० जुलै १९४४ रोजी राष्टेनबुर्गजवळच्या हिटलरच्या मुख्यालयात चित्रपटाचा नायक, जर्मन कर्नल श्टाउफेनबर्ग, याला दोनपैकी एकच स्फोटक स्फोटासाठी तयार करता आले, बैठकीत कर्नल ब्रांटने ती बॉम्बची बॅग टेबलाच्या जाड पायापलीकडे सरकवली, स्फोट झाला आणि तरीही हिटलर वाचला, हे सारे चित्रपटात आहे. माझा आक्षेप पहिल्याच प्रसंगाला आहे. ट्युनिशियाच्या वाळवंटात वहीत लिहीत बसलेला नायक तिथेच हिटलरचा पक्का विरोधक झालेला दिसतो. प्रत्यक्षात याच माणसाने १९३९ मध्ये पोलंडच्या मोहिमेवरून पत्नीला जे पत्र लिहिले, त्यात तिथल्या लोकांना झुंड ठरवले, ज्यूंचा तुच्छतेने उल्लेख केला आणि हजारो युद्धकैदी जर्मन शेतीला उपयोगी पडतील असा हिशेब मांडला. असा माणूस पाच वर्षांच्या आत बॅगेत बॉम्ब घेऊन निघतो. हा प्रवास कापला की इतिहास तर जातोच, पण नाट्यही जाते. टॉम क्रूझ दोन तास एकाच निश्चयी चेहऱ्याने वावरतो, कारण पटकथेने त्याला बदलायला जागाच ठेवलेली नाही.

मंगळवार पेठ

सर, आपल्या व्यासंगाबद्दल आदर आहे, परंतु आपण चित्रपटाकडून प्रबंधाची अपेक्षा करत आहात. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. दहावीच्या मुलांना हा चित्रपट दाखवला, तेव्हा हिटलरला मारण्याचा कट जर्मन लष्करातच शिजला होता, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. तारायंत्राच्या कक्षात दोन्ही बाजूंचे परस्परविरोधी आदेश येऊन पडतात आणि कोणता पुढे पाठवायचा हे एका दुय्यम अधिकाऱ्याला ठरवावे लागते, त्या प्रसंगाला माझा वर्ग श्वास रोखून बसला होता. शेवट ठाऊक असूनही प्रेक्षकाला असे धरून ठेवणे हेच नाट्य आहे. आपण म्हणता ते पत्र सुरुवातीला दाखवले असते, तर मुलांनी नायकाला तिथेच सोडून दिले असते.

रंकाळाकाठ

मुलांनी नायकाला सोडून दिले असते, तर बिघडले काय असते? मला या चित्रपटांचा राग वेगळ्या कारणासाठी आहे. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये गेओर्ग एल्झर या सुताराने एकट्याने बॉम्ब ठेवला होता. त्याने कितीतरी रात्री तिथे लपून राहून खांब आतून पोखरला. हिटलर स्फोटाच्या १३ मिनिटे आधीच निघून गेला नसता, तर युद्ध सुरू झाल्यावर दहाच आठवड्यांत हा प्रश्न मिटला असता. त्याच्यावरही चित्रपट झाला, पण आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? सरदार घराण्यातला कर्नल असला की मोठे नट आणि मोठे भांडवल मिळते; रंधा मारणारा असला की तो तळटीप होतो. शिवाय कर्नलच्या वर्तुळात कोण होते, तेही पाहा. आर्थर नेबे हा त्या कटात सामील होता आणि त्यापूर्वी, १९४१ मध्ये, पूर्व आघाडीवर हजारो ज्यूंना गोळ्या घालणाऱ्या पथकाचा तोच प्रमुख होता. अशा माणसाला कटात घ्यावे की नाही, यावर दोन अधिकारी बंद खोलीत वाद घालत आहेत, असा एक प्रसंग कल्पून पाहा. त्यापुढे बॅग आणि टेबलाचा पाय काहीच नाही.

राजारामपुरीकर

ताई, आपण माझेच म्हणणे अधिक नेमके मांडलेत. मला आणखी एक गोष्ट खुपते. ज्या पोलंडमधून ते पत्र लिहिले गेले, तिथलेच जवळपास ५,००० लोक युद्धकाळात आपल्या कोल्हापूरच्या शेजारी वळिवड्याला येऊन राहिले होते. ज्यांचा देश श्टाउफेनबर्गच्या सैन्याने तुडवला, ती माणसे पंचगंगेकाठी दिवस काढत होती, आणि आपण मात्र त्याला निष्कलंक वीर मानून टाळ्या वाजवतो.

गांधीनगर रोड

येथे मला थांबवावेसे वाटते, कारण वळिवड्याचे नाव घेऊन जे लिहिले आहे, ते अर्धेच आहे. वळिवड्यातले पोलिश लोक हिटलरच्या छळातून आलेले नव्हते. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या आणि तिथल्या लाखो लोकांना स्टालिनने सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ नंतर सुटका झालेले त्यांच्यातले काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचले आणि १९४३ पासून वळिवड्यात राहिले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. माझे आजोबा छावणीत दूध घालत असत. त्या बायका फार कमी बोलत, पण लहान मूल दिसले की त्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय पुढे जात नसत, असे ते सांगत. छावणी १९४८ मध्ये रिकामी झाली, पुढे तिथे सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर झाले. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे; या गटातील किती जणांनी तो थांबून वाचला आहे? युद्धपटांत पोलंड म्हटले की फक्त जर्मन रणगाडे दिसतात, दुसऱ्या बाजूने आलेले सैन्य दिसत नाही. इतिहासाची ही चूक मला कोणत्याही गणवेशाच्या बटणापेक्षा मोठी वाटते.

राजारामपुरीकर

सोव्हिएत आक्रमणाबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य करावे लागेल. तरीही जर्मनांनी पोलंडचे काय केले, हे त्यामुळे पुसले जात नाही. २० जुलैनंतर बाराव्या दिवशी, १ ऑगस्ट १९४४ रोजी, वॉर्सात उठाव झाला आणि तो ६३ दिवस चालला. बर्लिनचा कट एका रात्रीत संपला.

गांधीनगर रोड

आणि त्या ६३ दिवसांत सोव्हिएत सेना नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत येऊनही शहर वाचले नाही, हेही लिहा. आपण पुन्हा अर्धेच सांगत आहात. ज्यांच्या घरातल्या आठवणी त्या छावणीशी जोडलेल्या आहेत, त्यांनी हे किती वेळा ऐकून घ्यायचे?

मंगळवार पेठ

माझी नम्र पण स्पष्ट विनंती आहे की चर्चा चित्रपटावर ठेवावी. वळिवड्याचा इतिहास मौल्यवान आहे, परंतु दिग्दर्शकाने महावीर उद्यानात यायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. ताईंनी उल्लेखिलेला सुतार मला मान्य आहे. मात्र ज्या चित्रपटांना आपण सच्चे म्हणता, त्यांची रचना पाहा. प्रागमधील नाझी अधिकारी हायड्रिकच्या हत्येवरील २०१६ सालचा ‘अँथ्रोपॉइड’ पहिला तासभर रेंगाळतो आणि त्यात प्रेमकथा घातल्या आहेत.

रंकाळाकाठ

त्या प्रेमकथांचे समर्थन मी करत नाही. त्या उपऱ्याच वाटतात. पण २७ मे १९४२ रोजी ऐन वेळी हल्लेखोर गाब्चिकची स्टेन गन अडकते, तेव्हा योजना कशी कोसळते हे तो चित्रपट दाखवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आश्रय देणाऱ्या मोराव्हेच कुटुंबाने काय भोगले, हे तो टाळत नाही. घराची झडती होते, आई विष घेते, कोवळ्या मुलाचा छळ होतो. सूड म्हणून लिडिट्से या चेक गावातले १७३ पुरुष एका दिवसात गोळ्या घालून मारले गेले, ही त्या हत्येची किंमत होती. ‘व्हॅल्किरी’मध्ये किंमत मोजतात ते मुख्यतः कट करणारेच. कटाच्या चित्रपटाला मी हाच प्रश्न विचारते: ज्यांना काही न विचारता ओढले गेले, ते पडद्यावर आहेत की नाहीत?

भुदरगडकर

ताईंचा प्रश्न आपल्या मातीलाही लागू आहे. आमच्या गारगोटीच्या कचेरीवर डिसेंबर १९४२ मध्ये हल्ला झाला आणि सात जण हुतात्मा झाले. दरवर्षी हार घातले जातात, भाषणे होतात, पण नंतर पोलीस गावोगाव फिरले तेव्हा घरातल्या बायकांवर काय गुदरले, हे माझी आजी सांगायची तेवढेच मला ठाऊक आहे. मराठीत असे काही जमतच नाही, असे मात्र म्हणू नये. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ सालचा चित्रपट पाहा. चाफेकर बंधूंनी रँडला मारले तो गणेशखिंड रस्ता आणि पुढे फंदफितुरी करणारे द्रविड बंधू, हे सारे त्यात आहे. चाफेकरांचे शौर्य खरे होते आणि सुधारकांविषयीचा त्यांचा द्वेषही खरा होता. दामोदर चाफेकरांच्या तुरुंगातल्या आत्मवृत्तातच तो उघड दिसतो. चित्रपट त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही, म्हणूनच ते लक्षात राहतात.

राजारामपुरीकर

हेच मी पहिल्यापासून म्हणत आहे. चाफेकरांच्या बाबतीत मराठी प्रेक्षकाला हे पेलले, तर श्टाउफेनबर्गच्या बाबतीत जगाला का पेलू नये?

मंगळवार पेठ

चाफेकर आपल्या मुलांना आधीपासून ठाऊक असतात, म्हणून पेलते. हा फरक आपण विचारात घेत नाही. तरीही इतके सगळे वाचल्यावर एवढे कबूल करतो की त्या पत्राला तीन मिनिटे देता आली असती आणि ती देऊन माझा वर्ग उठून गेला नसता. पुढच्या तुकडीला चित्रपट दाखवण्याआधी मी ते पत्र स्वतः वाचून दाखवीन. मात्र त्यासाठी तारायंत्राचा प्रसंग एका सेकंदानेही कमी करावा, हे मला मान्य नाही.