मदत हवी आहे: होमस्टेसाठी विकतचे रिव्ह्यू घ्यायचे नाहीत, पण भावाला कसं पटवू?

नमस्कार मंडळी,

दापोलीजवळ आई-बाबांचा छोटा होमस्टे आहे. बुकिंगचं मी पुण्यातून बघते. मध्यंतरी एका मार्केटिंगवाल्याचा फोन आला. गुगल मॅपवर पाच स्टारचे रिव्ह्यू टाकून देतो, मजकूर आमचाच, फोटो तेवढे पाठवा म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. धाकटा भाऊ नाराज आहे. सगळेच करतात, आपणच मागे पडू, असं त्याचं म्हणणं. जवळच्याच एका ठिकाणी अचानक रिव्ह्यूंचा पूर आलाय हे खरं आहे. वाक्यं जवळपास तीच, आणि लिहिणाऱ्यांनी त्याच आठवड्यात जयपूर, कोचीच्या दातांच्या दवाखान्यांचंही कौतुक केलंय!

आमच्याकडे लोक म्हातारी माणसं, लहान मुलं घेऊन घाट उतरून येतात. रिव्ह्यूवर विश्वास ठेवून आलेल्यांना खोली कळकट निघाली, तर ऐन गर्दीत रात्री त्यांनी जायचं कुठे? वस्तू परत पाठवता येते, सुट्टीचं तसं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला बंदी आहे. ऑनलाइन रिव्ह्यू कसे घ्यावेत, तपासावेत, छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे, पण ते ऐच्छिक.

भावाने मग मधला मार्ग सुचवला: रिव्ह्यू देणाऱ्याला पुढच्या वेळी सूट. गुगलच्या धोरणात तेही बसत नाही. खूश दिसणाऱ्यांनाच गाठून रिव्ह्यू मागणंही नाही. म्हणजे जेवण आवडलं नाही म्हणणाऱ्यालाही तितक्याच आपुलकीने विचारायचं. मला हे पटतं, पण बाबांना फार जड जातं.

खरी अडचण वेगळीच आहे. आई निघताना प्रत्येकाला आमसुलं बांधून देते, पूर्वीपासून. त्याच वेळी रिव्ह्यूचं विचारलं, तर पाहुण्याला भीड पडणारच ना? मला वाटतं, घरी पोचल्यावर दोन दिवसांनी सगळ्यांना एकच साधा मेसेज पाठवावा. होमस्टे किंवा खानावळ चालवणाऱ्यांनी सांगा, असं केल्यावर लोक लिहितात का? आणि फुकट राहून गेलेल्या मामेभावाने मनापासून लिहिलेला रिव्ह्यू ठेवावा की काढायला सांगावा?

शेजारच्या रिव्ह्यूंबद्दल गुगलला कळवलंय, अजून काही हललेलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, अशी तक्रार कुणी केली आहे का? पुरावा म्हणून काय जोडलंत? दिवाळीची बुकिंगं सुरू व्हायच्या आत भावाशी बोलायचंय.