ब्रेस्ट रिडक्शन (छाती लहान करायचं ऑपरेशन) करायचंय, आधी काय काय विचारून घेऊ?

नाशिकची_मीच:
वय 29, लग्न झालेलं नाही. कॉलेजपासून मान आणि खांदे दुखतात, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खळगे पडलेत आणि उन्हाळ्यात छातीखाली घामाने पुरळ येऊन कातडी अगदी सोलवटून निघते, मलम लावलं की जातं, आठवडाभरात परत हजर. फिजिओ झाली, वजन उतरवलं, छाती मात्र तेवढीच. आता प्लास्टिक सर्जनला भेटणार आहे. आई म्हणते आधी लग्न होऊ दे, मूलबाळ होऊ दे, मग बघ काय करायचं ते. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, दुधाचं काय होतं, व्रण किती दिसतात, सगळंच.

पाऊसवेडी:
अगं मी केलंय, आणि मूल व्हायच्या आधीच केलंय. मानेचं दुखणं जवळजवळ गेलंच, शुद्धीवर आल्यावर टाके दुखत होते तरी खांदे हलके झालेले कळत होते. दुधाचं म्हणशील तर बाळ झालं तेव्हा आलं पण पुरलं नाही, वरचं दूध द्यावं लागलं. काहींना पुरतं, काहींना येतच नाही, आधी कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून सर्जनला हे सरळ विचार की निपल खालच्या टिश्यूला जोडलेलंच ठेवून वर सरकवणार का. बहुतेक वेळा तसंच करतात, पण छाती फारच मोठी असेल तर कधीकधी निपल पूर्ण काढून परत बसवतात, मग अंगावर पाजण्याची आशा जवळपास संपते आणि तिथली संवेदनाही बहुतेक जाते. जोडलेलं ठेवलं तरी संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची. माझी एका बाजूची परत यायला फार वेळ लागला.

तुझ्या आईचं म्हणणं अगदीच चूक नाही, बाळंतपणात छाती परत वाढू किंवा ओघळू शकते. पण त्यासाठी किती वर्षं हे दुखणं काढायचं ते तूच ठरव, शरीर तुझं आहे.

व्रण राहणारच. निपलभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि बऱ्याचदा खालच्या घडीत आडवा, उलट्या टीसारखा. सुरुवातीचे काही महिने लालभडक दिसतात, फिके पडायला वर्ष दीड वर्ष जातं. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी तुला जाड गाठ आली होती का? आली असेल तर डॉक्टरांना नक्की दाखव. आणि अमुकच कप साइज द्या असं कोणी लिहून देत नाही, निपलचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून जेवढं काढता येईल तेवढंच काढतात.

वॉर्डातली_ताई:
मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे म्हणून लिहिते. तंबाखू! सिगारेटबद्दल सगळे विचारतात पण आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्री लावतात आणि ते सांगतच नाहीत, त्यांना ते व्यसन वाटतच नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, निपल काळं पडू शकतं. निदान महिनाभर आधी पूर्ण बंद, नंतरही लगेच सुरू नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जे काही घेतेस ते सगळं भूलतज्ज्ञांना सांग, स्वतःच्या मनाने काही बंद करू नकोस. घरात कोणाला ब्रेस्ट कॅन्सर असेल तर तेही सांग. आधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करायची का ते ठरतं, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवणार ना हेही विचारून घे.

उलट्या टीचा जिथे सांधा होतो तिथली जखम पुष्कळदा उशिरा भरते, थोडी उघडते, घाबरू नकोस पण दाखव. एकच बाजू अचानक टम्म फुगली, ताप आला किंवा निपलचा रंग बदलला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं.

डॉक्टर निवडताना त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का बघ. नुसती कॉस्मेटिक क्लिनिकची पाटी पुरत नाही. मुंबईत केईएम, सायन, पुण्यात ससून इथेही प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथे आधी चौकशी कर.

कोथरूडकर_स:
इन्शुरन्सचं सांगते. पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, पण वैद्यकीय गरज म्हणून डॉक्टरांनी लेखी प्रमाणित केलं तर विचार होऊ शकतो, फक्त 'तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका' असे शब्द असतात त्यामुळे कंपन्या अडून बसतात. माझ्या बहिणीचा क्लेम आधी नाकारलाच होता, फिजिओचे कागद, त्वचेच्या डॉक्टरांची प्रिस्क्रिप्शन्स, पुरळाचे फोटो असं सगळं जोडून परत पाठवल्यावर थोडे पैसे मिळाले. तू आत्तापासूनच फाइल कर आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी लेखी मंजुरी माग.

नाशिकची_मीच:
खूप खूप थँक्यू. मिश्रीचं वाचून आईला विचारलं, आजी लावायची म्हणाली, मी नाही. मलमाची जुनी प्रिस्क्रिप्शन्स शोधायला घेतलीत. घरी आल्यावर मदतीला माणूस किती दिवस लागेल?

पाऊसवेडी:
पहिला आठवडा तर हवंच, हात डोक्यावर जात नाहीत, वेणी घालायलाही कोणीतरी लागतं. पुढून हुक असलेली ब्रा आणि पुढून बटणं असलेले गाऊन आधीच आणून ठेव, पाठीवरच झोपायचंय म्हणून जास्तीच्या उश्या घे. पाण्याची बादली, सिलिंडर, गच्च भरलेला कुकर यांना महिना दीड महिना हात लावायचा नाही, हे आईला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकव.