लेऑफ, नोटीस पिरियड आणि पुढची नोकरी: नेमकं काय करायचं ते लिहा

जुनी_फाइल
माळा आवरताना पिवळी पडलेली एक फाइल हाती आली. वर मार्करने "२००९ - कागद". लेहमन ही अमेरिकी बँक बुडाल्यानंतरचे ते महिने. नोकरकपातीला तेव्हा 'कॉस्ट कटिंग' म्हणायचे, आता 'रीअलाइनमेंट' म्हणतात. कॅलेंडरवरचं निमंत्रण मात्र तेच, पंधरा मिनिटांचं, विषय 'क्विक कनेक्ट'.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून घरोघरी हाच विषय आहे. धीराचे मेसेज व्हॉट्सॲपवर भरपूर येतात. इथे कामाचं लिहा. कोणता कागद, कोणता फॉर्म, किती दिवस, कुठे अडतं. सुरुवात माझ्याकडून: लॅपटॉप हातात आहे तोवर सगळ्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, ऑफर लेटर, अप्रेझलची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. ॲक्सेस मीटिंग संपायच्या आत जातो.

टोकन_नंबर_४२
+१. फक्त आपले कागद घ्या. कोड, क्लायंटची डॉक्युमेंट, आर्किटेक्चरचे पीपीटी पेन ड्राइव्हवर टाकायला गेलात की सिक्युरिटी टीमला अलर्ट जातो आणि साध्या लेऑफचा 'मिसकंडक्ट' होतो. मग रिलीव्हिंग लेटरही (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) लटकतं.

लिंक्डइन, क्लाउड सर्टिफिकेशन, यूएएन (पीएफचा नंबर), इन्शुरन्सचं ॲप यातलं काय ऑफिसच्या मेलवर आहे तेही बघा. ओटीपी तिकडे गेला की संपलं.

शनिवारपेठी
कंपनीच्या फूड कार्डावरचे पैसेही संपवा. दोराबजीत (पुण्यातलं किराण्याचं मोठं दुकान) जाऊन तूप आणा सरळ.

मटारउसळ
तूप 😂 हे कुणीच सांगत नाही

कलम_कसाई
राजीनाम्याचं बोलूया, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच फसतात. एचआर म्हणतं, "आत्ता पोर्टलवर राजीनामा टाका, नाहीतर टर्मिनेशन लिहावं लागेल, करिअर खराब होईल." तिथे एकच वाक्य बोलायचं: "अटी मेलवर पाठवा, वाचून उत्तर देतो." वाद घालू नका, रडू नका, सही करू नका.

राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वखुशीने गेलात. कामगार आयुक्तांकडे कपातीची तक्रार करायला आधार कमजोर होतो. होम लोनबरोबर 'जॉब लॉस कव्हर' विकलेलं असतं, तेही बहुतेक पॉलिसींत स्वखुशीच्या राजीनाम्याला लागू होत नाही. तीन-चार हप्त्यांचाच प्रश्न असतो, पण तेच तीन-चार महिने नडतात.

राजीनामा द्यायचाच ठरला तर मोबदल्यात काय ते आधी लेखी घ्या: नोटीसचा पगार, किती महिन्यांचं भरपाईचं पॅकेज, विमा कधीपर्यंत, रिलीव्हिंग लेटरची तारीख. आणि राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहू नका, 'कंपनीच्या दिनांक अमुकच्या मेलनुसार' असं लिहा.

चहाबाज_हिंजवडी
वाचतोय. फेज तीनच्या बसमध्ये आहे, रात्री लिहितो.

बेरजेची_वही
पैशांचं.

ग्रॅच्युइटी: पाच वर्षं पूर्ण असतील तर शेवटचं वेतन (साधारण बेसिक, डीए असेल तर धरून) × १५ ÷ २६ × वर्षं. बेसिक ५२,००० आणि नोकरी ६ वर्षं ७ महिने असेल तर ७ वर्षं धरतात, कारण सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष होतो. ५२,००० × १५ ÷ २६ = ३०,०००, गुणिले ७ म्हणजे २,१०,०००. सेटलमेंटच्या शीटवर ६ वर्षं धरलेली दिसली तर मेल टाका, बऱ्याचदा सिस्टिम पूर्ण वर्षंच उचलते. चार वर्षं २४० दिवस झालेल्यांनीही मागा, मद्रास उच्च न्यायालयाने ते मान्य केलेलं आहे. एचआर आधी नाही म्हणणारच.

उरलेल्या रजांचे पैसे: नोकरी सोडताना मिळाले तर २५ लाखांपर्यंत करमाफी आहे (त्याच्या आत आणखी मर्यादा आहेत, सरासरी १० महिन्यांचा पगार वगैरे). कंपनी कधी कधी तसाच कर कापते. मग रिटर्नमध्ये मागायचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, त्यात कामावरून काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचं देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "आमची पॉलिसी ४५ दिवसांची" असं उत्तर आलं तर मेलमध्ये वेतन संहितेचा उल्लेख करा. आवाज न चढवता.

आळूची_वडी
पीएफ काढावा का? नवऱ्याचं चाललंय की सगळा काढू आणि कार लोन फेडू.

बेरजेची_वही
ताई, थांबवा त्यांना. सलग पाच वर्षं झाली नसतील आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर १० टक्के टीडीएस. पाच वर्षं मोजताना आधीच्या कंपन्यांची वर्षंही धरतात, पण तो पीएफ ट्रान्सफर केलेला असेल तरच. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलंय की ७५ टक्के लगेच मिळतील, उरलेले २५ टक्के बारा महिने बेरोजगार राहिल्यावर. तेव्हा 'सगळा' तसाही येणार नाही.

आणि पीएफच्या पैशांतून कार लोन? आत्ता हातात रोख हवी. पगाराची स्लिप नसताना बँका नवं कर्ज सहजासहजी देत नाहीत.

टोकन_नंबर_४२
पीएफचा क्लेम अडतो तो 'डेट ऑफ एक्झिट'वर. कंपनीने भरली नसेल तर यूएएनच्या साइटवर मॅनेजमध्ये 'मार्क एक्झिट' आहे, आपणच भरायची. शेवटच्या जमा रकमेला दोन महिने व्हावे लागतात, त्याआधी तो पर्याय घेतच नाही. तारीख रिलीव्हिंग लेटरवरचीच टाका.

सॅलरी अकाउंटपण बघा. दोन-तीन महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करते आणि मिनिमम बॅलन्सचा दंड सुरू होऊ शकतो. त्यावरच एसआयपी आणि हप्ते लावलेले असतात. एसआयपी ॲपमधून 'पॉज' करा, बाउन्स होऊ देऊ नका. होम लोनचा हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. चुकल्यावर गेलात की सिबिलवर डाग बसलेला असतो आणि मॅनेजरचा सूरही बदलतो.

मटारउसळ
आईबाबांचा विमा!!! तो राहिला

कलम_कसाई
हो. ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या कामाच्या दिवशीच संपते. नोटीसमध्ये असतानाच त्याच विमा कंपनीला 'ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन'ची मेल करा. ग्रुपमधली वर्षं वेटिंग पिरियडमध्ये धरली जातात. वडिलांना डायबेटिस असेल तर हा फरक मोठा आहे, कारण कोरी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. एचआरकडून किती वर्षं कव्हर होतं त्याचं पत्र घ्या, विमा कंपनी तेच मागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढंच सुख.

चहाबाज_हिंजवडी
घरी पोचलो. वाकडला तासभर. आता रेझ्युमेबद्दल.

दोन कॉलमचा, रंगीत, कौशल्यांपुढे पाच टिंबं असलेला रेझ्युमे फेका. परीक्षा सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन कॉलमचा असेल तर बऱ्याचदा असं दिसेल: "जावा मार्च २०१९ ते स्प्रिंग बूट पुणे एसक्यूएल सीनियर". डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत शिरलेली. कंपनीचं सॉफ्टवेअरही तसंच वाचतं. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमचा रेझ्युमे म्हणजे चित्र आहे. मोबाइल नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, काही पार्सर (रेझ्युमे वाचणारी सॉफ्टवेअर) हेडर-फूटर वाचतच नाहीत. माणूस आवडतो आणि फोन कुठे करायचा ते कळत नाही.

पदनाम: 'टेक्नॉलॉजी ॲनालिस्ट', 'असोसिएट कन्सल्टंट' ही कंपनीच्या आतली नावं. रिक्रूटर 'जावा बॅकएंड डेव्हलपर' असं शोधतो. हेडलाइनमध्ये तेच लिहा, कंपनीचं पदनाम खाली अनुभवात खरं ते ठेवा, म्हणजे व्हेरिफिकेशनला जुळतं.

'वर्क्ड ऑन' ने सुरू होणारी वाक्यं काढा. काय केलं, कशाने केलं, किती फरक पडला. 'बॅच जॉब ४ तासांवरून ५० मिनिटांवर, इंडेक्स आणि पार्टिशन बदलून.' आकडा खोटा टाकू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

शनिवारपेठी
फोटो लावावा का? आमच्या ओळखीचे एक काका म्हणतात, फोटोने विश्वास बसतो.

चहाबाज_हिंजवडी
काकांना वधूवर सूचक मंडळात पाठवा.

मटारउसळ
😂😂

नोकरीवाली_बाई
मी रिक्रूटमेंटच्या बाजूने लिहिते, फोनवरून आहे, चुका सांभाळा. नोकरी डॉट कॉमवर आम्ही फिल्टर लावतो: नोटीस पिरियड, शहर, शेवटचं कधी ॲक्टिव्ह. म्हणून रोज सकाळी प्रोफाइलमध्ये एखादी ओळ बदलून सेव्ह करायची. नोटीस पिरियड '१५ दिवस किंवा कमी' ठेवा, जुना '९० दिवस' राहिला असेल तर तुम्ही आम्हाला दिसतच नाही. लेऑफचा फायदा म्हणाल तर एवढाच, लगेच रुजू होणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

एक्सेल ठेवा: तारीख, कंपनी, जॉब आयडी, कुणामार्फत, सांगितलेला सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज). दोन कन्सल्टन्सींनी एकाच क्लायंटला तुमचा रेझ्युमे टाकला तर दोघींत वाद होतो आणि क्लायंट तुम्हालाच बाजूला ठेवतो. फोन आला की आधी विचारायचं, "एंड क्लायंट कोण?" (म्हणजे नोकरी खरी कोणत्या कंपनीत) आणि मेलवर होकार एकालाच.

गॅपचं कारण विचारलं की दोन वाक्यं. "प्रोजेक्ट बंद झाला, पूर्ण टीम कमी केली. तेव्हापासून अमुक शिकतोय, ही माझ्या कोडची रिपॉझिटरी." मॅनेजरची निंदा सुरू झाली की आम्ही मनातल्या मनात पुढच्या उमेदवाराकडे जातो.

आळूची_वडी
मॅन्युअल टेस्टिंगची ९ वर्षं, वय ३७. काही होईल का यांचं?

चहाबाज_हिंजवडी
ताई, होईल. पण नुसतं 'मॅन्युअल' या शब्दावर आता फोन कमी येतात. प्लेराइट (टेस्ट आपोआप चालवायचं टूल) आणि टाइपस्क्रिप्ट (त्यात लिहायची भाषा), रोज दोन-तीन तास, सहा-आठ आठवडे. एसक्यूएल जॉइन, पोस्टमनवर एपीआय टेस्टिंग, गिट, आणि जेन्किन्स किंवा गिटहब ॲक्शन्सवर टेस्ट आपोआप चालवून दाखवणे. नऊ वर्षं बँकिंग किंवा विम्यात गेली असतील तर ते डोमेन रेझ्युमेत सगळ्यात वर. पोरांना कोड येतो, क्लेम कुठे अडकतो ते येत नाही.

टोकन_नंबर_४२
सेलेनियमच (तसलंच जुनं टूल) अजून जास्त मागतात.

चहाबाज_हिंजवडी
जुन्या प्रोजेक्टांत मागतात. सेलेनियम येणाऱ्यांची रांगही तेवढीच लांब.

टोकन_नंबर_४२
बरं बाबा.

कलम_कसाई
कोर्सवाले जे 'तीन वर्षांचा अनुभव लावून देतो' म्हणतात त्यांच्या दारात उभे राहू नका. व्हेरिफिकेशनमध्ये यूएएनची सर्व्हिस हिस्टरी बघतात, त्यात कुणी किती महिने पीएफ भरला ते दिसतं. दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्या असतील तर तेही तिथेच दिसतं. आणि ऑफरसाठी, लॅपटॉपच्या डिपॉझिटसाठी, 'ट्रेनिंग'साठी पैसे मागितले की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

एडिसनकर
इकडचं, अमेरिकेतलंही लिहितो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, कॅलेंडरचे. आय-९४ (राहायची मुदत लिहिलेली नोंद) आधी संपत असेल तर तोवरच. सेव्हरन्स (भरपाईचं पॅकेज) चार महिने मिळाला तरी घड्याळ नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून. ६० दिवसांच्या आत नव्या कंपनीची पिटिशन यूएससीआयएसकडे (तिथलं इमिग्रेशन खातं) पोचली पाहिजे, नुसतं ऑफर लेटर उपयोगाचं नाही. त्याआधी एलसीएला (कामगार खात्याची मंजुरी) ७ कामाचे दिवस जातात, वकिलाची कागदपत्रं वेगळी. म्हणजे ऑफर साधारण ४० व्या दिवसापर्यंत हातात हवी. पिटिशन पोचली की निकालाची वाट न बघता कामाला लागता येतं. जोडीदार एच-वन-बीवर असेल तर एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) साठी आय-५३९ हा फॉर्म भरायचा, तोही ६० दिवसांच्या आतच.

न्यू जर्सीत १०० किंवा जास्त माणसांच्या कंपनीने ५० किंवा जास्त माणसं काढली तर ९० दिवसांची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार हा कायदाच आहे, एप्रिल २०२३ पासून. कंपनी ते उपकार केल्यासारखं देते. विम्यासाठी कोब्रा (कंपनीचाच आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवणं): निवडायला ६० दिवस आणि निवडलं की मागच्या तारखेपासून लागू. धडधाकट असाल तर लगेच पैसे भरायची घाई नको.

शनिवारपेठी
४० दिवसांत ऑफर? आमच्याकडे फर्निचर होत नाही.

बेरजेची_वही
नोकरी मिळाल्यावरचं एक राहिलं. नव्या कंपनीला आधीच्या कंपनीचं त्याच वर्षातलं उत्पन्न आणि कापलेला कर कळवा. समजा सप्टेंबरपर्यंत एकीकडे ९ लाख, पुढे दुसरीकडे ९ लाख. नव्या करपद्धतीत दोघी आपापले ९ लाख बघतात, दोघींचा कर शून्य. एकत्र १८ लाख, ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वजा करून १७.२५ लाख, कर सेससकट १,५०,८००, वर व्याज. जुलैत रिटर्न भरताना समजतं.

आळूची_वडी
सगळं वहीत उतरवलं. कार लोन फेडणं रद्द. नोटपॅडवाली परीक्षा केली, यांचा नंबर खरंच गायब आहे.

चहाबाज_हिंजवडी
हेडरमधून काढा आणि नावाखालच्या ओळीत टाका. डॉक फाइलपण ठेवा, काही पोर्टल पीडीएफ घेत नाहीत.

मटारउसळ
दोराबजीत कुठलं तूप?