फुलांच्या दुकानात काम करताना पुष्परचनेची गोडी लागली, हात कसा बसवायचा?

बादल्या_आणि_देठ

दुकानात माझ्याकडे देठ छाटणं, बादल्या धुणं आणि पॅकिंग एवढंच काम आहे, पण आता जीव रचनेतच अडकलाय. संध्याकाळी विक्रीतून बाद झालेली फुलं सरावाला मिळतात. तीन गोष्टी जमत नाहीत. हातात बांधलेला गुच्छ झाडूसारखा होतो, गोल फुलत नाही. गुलाबांच्या माना दुसऱ्याच दिवशी पडतात. आणि फुलं खोचायचा हिरवा फोम वरून ओला लागतो, तरी त्यातली फुलं सुकतात. कोर्सला जाण्याआधी एवढं तरी यायला हवं. नेमकं कुठे चुकतंय?

तिरका_देठ

गुच्छ झाडूसारखा होतो कारण तुम्ही देठ समांतर धरताय. ते एका बिंदूत एकमेकांना छेदून गेले पाहिजेत, आणि सगळे एकाच दिशेने.

बांधणीच्या खालचा सगळा पाला आधी काढा. एक फूल डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत सरळ धरा. दुसरं त्यावर तिरकं ठेवा, डोकं डावीकडे, देठाचं टोक उजवीकडे. तिसरं, चौथं तसंच. दर तीन-चार देठांनंतर गुच्छ हातात थोडा फिरवायचा, नेहमी त्याच बाजूला. एखादा देठ उलटा गेला की दोरी आवळताना तोच मोडतो, म्हणून शंका आली तर उपसून परत लावा. पकड सैल ठेवा. मूठ आवळली की देठांना सरकायला जागाच राहत नाही.

सुरुवातीला १२ ते १५ कडक देठ पुरेत. शेवंती किंवा कार्नेशन घ्या. जर्बेरा आत्ता नको, त्याचा पोकळ देठ दाबला की चेपतो. बांधणी फुलांच्या जवळ घेतली तर घुमट घट्ट होतो, खाली घेतली तर गुच्छ मोकळा पसरतो. शेवटी सगळी टोकं एका पातळीत कापून गुच्छ टेबलावर ठेवा. आधाराशिवाय उभा राहिला की समजा जमलं.

स्वच्छ_पाणी

मान पडते याचा अर्थ पाणी वरपर्यंत पोचत नाही. कापलेल्या टोकातून हवा आत शिरते किंवा जिवाणूंनी देठातल्या नळ्या बुजतात, आणि फुलाखालचा सगळ्यात कोवळा भाग आधी वाकतो.

बादल्या नुसत्या विसळून भागत नाही. साबणाने घासा, ब्लीचच्या पाण्याने धुऊन खळखळून काढा. देठ धारदार सुरीने किंवा सिकेटरने (झाडं छाटायच्या कात्रीने) २-३ सेंमी तिरका कापा आणि लगेच पाण्यात घाला. बोथट कात्रीने तो चिरडतो. पाण्याखाली एकही पान नको. काटे काढताना साल सोलली जाऊ देऊ नका, प्रत्येक जखमेतून जिवाणू शिरतात.

फुलांच्या पाण्यात घालायची पावडर मोजूनच टाका. यावर माझा फार जोर आहे, कारण काटकसर म्हणून अर्धीच टाकली तर साध्या पाण्यापेक्षाही वाईट होतं: जिवाणूंना साखर मिळते, पण त्यांना मारणारं औषध पुरेसं नसतं.

मान पडलेले गुलाब लगेच फेकू नका. माना सरळ राहतील असे कागदात घट्ट गुंडाळा, टोकं पाण्याखाली धरून पुन्हा कापा आणि सुमारे ४० अंशांच्या खोल पाण्यात एक-दोन तास उभे ठेवा. बरेचसे सावरतात. जर्बेराचं उलट आहे, त्याला ५ ते ८ सेंमी पाणी बास, जास्त पाण्यात देठ सडतो.

फुलांच्या फ्रीजमध्ये फळं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात. ऑर्किड आणि अँथुरियम २-४ अंशांवर काळे पडतात, ते बाहेरच बरे.

जाळीवाली

फोम पाण्यात दाबून बुडवला असणार. वरचा थर भिजतो, आत कोरडा गाभा राहतो. पसरट भांड्यातल्या पाण्यावर नुसता सोडून द्या, तो आपला आपण खाली बसतो. एकदा वाळलेला फोम पुन्हा नीट भिजत नाही. दुसरी चूक म्हणजे देठ खोचून थोडा मागे ओढणं. टोकाखाली पोकळी राहते आणि फूल तहानलेलंच राहतं. किमान ३ सेंमी खोल जाऊ द्या आणि भोक वापरून झालं की नवीन जागा शोधा.

पण शिकताना फोम वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. ते प्लास्टिक आहे, त्याचा चुरा मोरीत जाता कामा नये, आणि चुकलेलं दुरुस्त करायला तो वाव देत नाही. तारेच्या जाळीचा सैल गोळा भांड्यात बसवा. देठ हवा तितक्या वेळा हलवता येतो.

बादल्या_आणि_देठ

मनापासून आभार. फोम दाबूनच बुडवत होते. उरलेली फुलं कधीकधी तीन-चारच असतात, तेवढ्यात काय करता येईल?

तिरका_देठ

तीन पुरतात. इकेबानाची (जपानी पुष्परचनेची) सोगेत्सु शाळा (स्थापना १९२७) जो पाया शिकवते तो घ्या. भांड्याची रुंदी आणि उंची मिळवून दीडपट करा, ती पहिल्या देठाची लांबी. दुसरा त्याच्या पाऊण, तिसरा दुसऱ्याच्या पाऊण. भांडं २० सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच असेल तर साधारण ३८, २८ आणि २१. उभ्या रेषेपासून पहिला १५ अंश, दुसरा ४५, तिसरा ७५ अंश कलवा. तेच तीन देठ कोन न बदलता नुसते फिरवून लावलेत तरी नजर झपाट्याने तयार होते.

यासाठी पिन होल्डर (वर उभ्या टोकदार पिना असलेली जड बैठक) लागेल, पिना पाण्याखाली बुडायला हव्यात. फांदी तिरकी कापून आधी सरळ उभी खोचा, मग हवी तेवढी कलवा. सुरुवातीलाच तिरकी घातली तर घसरते. बारीक देठ पिनांवर टिकत नाही, त्याच्या टोकाला जाड देठाचा आखूड तुकडा बांधून मग खोचा.