मदत हवी आहे: ‘टॉप हॅट’ (1935) मूळ लयीत आणि पूर्ण फ्रेममध्ये कसा पाहता येईल?

नमस्कार.

फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा ‘टॉप हॅट’ हा कृष्णधवल संगीतप्रधान विनोदी चित्रपट माझ्याकडे दोन निरनिराळ्या प्रतींमध्ये आहे. दोन्हींत काही ना काही उणे असल्यामुळे जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. नायिका नायकाला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते, या एका गैरसमजावर सगळे कथानक उभे आहे, आणि केवळ त्यातला विनोद पाहायचा असेल तर कोणतीही प्रत चालेल. माझी अडचण अर्व्हिंग बर्लिन यांच्या गाण्यांबाबत आणि त्यांवरच्या नृत्यांबाबत आहे.

पहिली प्रत पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम दाखवणाऱ्या टीव्ही पद्धतीची, डीव्हीडी आहे. चित्रपटाची लांबी सुमारे 101 मिनिटे असताना ही तबकडी 97 मिनिटांत संपते. प्रसंग ताडून पाहिले, तर कुठेही कात्री लागलेली नाही. सेकंदाला 24 फ्रेमने चित्रित झालेला चित्रपट सेकंदाला 25 फ्रेमने चालवल्यामुळे तो चार टक्क्यांहून थोडा अधिक वेगाने धावतो, एवढेच त्याचे कारण आहे. संवादांत हा फरक फारसा जाणवत नाही. गाण्यांत मात्र लय वाढते आणि पट्टीही चढते. पेटीवरच्या लगतच्या दोन स्वरांत जेवढे अंतर असते, त्याच्या सुमारे सात-दशांश इतकी ती वर जाते. त्यामुळे अस्टेअर यांचा मुळातच हलका असलेला आवाज आणखी पातळ ऐकू येतो आणि टॅप नृत्यातल्या, म्हणजे बुटांच्या ठेक्यांनी ताल धरणाऱ्या नृत्यातल्या, पावलांचा सैलपणा नाहीसा होऊन त्यांत घाई शिरते. हे नृत्य कानांनीही पाहायचे असते, म्हणून मला ही बाब किरकोळ वाटत नाही.

संगणकावर व्हीएलसी या चित्रपट चालवणाऱ्या प्रणालीत वेग मूळच्या 0.96 पट केला की लांबी बरोबर येते, पण पट्टी खाली येत नाही, कारण वेग बदलला तरी स्वर तोच राहावा अशी टाइम-स्ट्रेचिंगची सोय त्यात मुळातच चालू असते. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केल्यावर आवाज खाली उतरला आणि माझ्या कानांना तो योग्य वाटला. प्रश्न असा की, तो खरोखर मूळ पट्टीत आला हे पडताळायचे कसे? काही पाल तबकड्या तयार करतानाच पट्टी सुधारून घेतलेली असते, आणि माझी प्रत तशी असेल तर मी आवाज विनाकारण खाली ओढतो आहे. चित्रपटातल्या ‘चीक टू चीक’ या गाण्याची लिओ रीसमन यांच्या वाद्यवृंदासह 1935 साली निघालेली ध्वनिमुद्रिका ताडण्यासाठी हाताशी आहे, परंतु ते मुद्रण चित्रपटातले नसून वेगळे आहे, त्यामुळे दोन्हींची पट्टी एकच असेल असे गृहीत धरणे मला बरोबर वाटत नाही. ज्यांच्याकडे 24 फ्रेमची प्रत आहे, त्यांनी या गाण्याच्या सुरुवातीचा स्वर पेटीवर जुळवून तो कोणता आहे ते कळवल्यास माझे काम होईल.

दुसरी प्रत हाय डेफिनिशन आहे. ती योग्य वेगाने चालते, पण चित्र रुंद पडदा भरेल अशा बेताने वरून-खालून कापलेले आहे. टीव्ही चित्र ताणतो आहे का, हे आधी पाहिले. गोल वस्तू गोलच दिसतात, तेव्हा काटछाट तबकडीवरच झालेली आहे. उंचीच्या 1.37 पट रुंद असलेली मूळ फ्रेम 1.78 पट रुंद चौकटीत बसवताना उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. ज्या नटाने नृत्य सुरू असताना डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण देह फ्रेममध्ये हवा आणि मध्ये शक्य तितके कमी तुकडे हवेत असा आग्रह धरला, त्याची पावलेच कापणे हा त्या कामावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

याच प्रतीत आणखी एक गोष्ट खटकते. ‘चीक टू चीक’मध्ये रॉजर्स यांचा पोशाख शहामृगाच्या पिसांचा आहे आणि नाचताना त्यांतली काही पिसे सुटून हवेत तरंगतात. डीव्हीडीत ती दिसतात. हाय डेफिनिशन प्रतीत ती मला दिसली नाहीत, आणि चेहरेही मेणाचे असावेत तसे गुळगुळीत झालेले आहेत. फिल्मचे दाणे (चित्रातला मूळचा बारीक खरखरीतपणा) आणि धुळीचे ठिपके काढणाऱ्या स्वयंचलित प्रक्रियेने पिसांनाही धूळच मानले असावे, अशी मला शंका आहे. असा अनुभव इतर कोणाला या किंवा त्या काळच्या दुसऱ्या चित्रपटाच्या प्रतीत आला आहे का?

सध्या मी पहिली प्रतच वेग कमी करून पाहतो. त्यातही कॅमेरा नर्तकांबरोबर आडवा सरकू लागला की चित्र बारीक हिसके देते, कारण माझा मॉनिटर 60 हर्ट्झचा आहे, म्हणजे तो सेकंदाला 60 वेळा चित्र उमटवतो, आणि 24 फ्रेम त्यात समान वाटल्या जात नाहीत. एक फ्रेम दोनदा दिसते, तर पुढची तीनदा. मॉनिटर 48 किंवा 72 हर्ट्झवर नेल्यास हे थांबावे असे हिशेबाने दिसते, पण प्रत्यक्षात कोणी करून पाहिले असल्यास सांगावे. तसेच टीव्हीला जोडलेल्या साध्या डीव्हीडी प्लेअरवर वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र खाली आणण्याची काही सोय असते का, हेही जाणून घ्यायचे आहे, कारण घरातल्या मंडळींसह संगणकासमोर बसणे जमत नाही.

आणि यांतले काहीच करावे लागणार नाही अशी, म्हणजे 24 फ्रेमची, पूर्ण चौकोनी चित्राची आणि दाणे शाबूत असलेली प्रत कोणाच्या पाहण्यात असेल, तर कृपया तिचा तपशील द्यावा. मात्र ती स्वतः लावून पाहिलेली असावी आणि लांबी व फ्रेमचे प्रमाण पडद्यावर तपासलेले असावे, कारण माझ्या दुसऱ्या प्रतीच्या वेष्टनावरही चित्र मूळ प्रमाणात असल्याचेच छापलेले आहे.