ट्रॅशवर अ‍ॅग्रो टिकतो, पण रेड बॉसच्या मोठ्या फटक्याला टँक का पडतो?

नवीढाल :
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात हिरोइक रेड (मोठ्या गटाने बॉसशी लढायची अवघड मोहीम) चालू आहे. आधी डीपीएस (डॅमेज करणारा) होतो, आता प्रोटेक्शन वॉरियर घेतलाय, म्हणजे गटाचा मार स्वतःवर घेणारा टँक. जोडीला ब्लड डेथ नाइट टँक आहे. डंजनमध्ये (छोट्या गटाच्या मोहिमेत) ट्रॅशवर, म्हणजे किरकोळ शत्रूंवर, काही अडत नाही, पण रेडमध्ये तीन गोष्टी जमत नाहीत.

पुल (लढतीची सुरुवात) झाल्यावर पहिल्या पाच-सात सेकंदांत एखादा डीपीएस अ‍ॅग्रो (बॉसचं लक्ष) खेचून नेतो. बॉसचा मोठा फटका, म्हणजे टँकबस्टर, आला की शील्ड ब्लॉक चालू असूनही हेल्थ एकदम तळाला जाते आणि पुढच्या क्षणी मी आडवा. आणि बॉस हलवायला गेलं की तो गर्रकन फिरतो, त्याचा समोरचा वार मेलीवाल्यांवर (जवळून लढणाऱ्यांवर) बसतो.

गियर लेव्हल बाकीच्यांइतकीच आहे, त्यामुळे ते कारण वाटत नाही. सराव नेमका कशाचा करायचा? दुसऱ्या खेळांत टँक करणाऱ्यांनीही सांगितलं तर उपयोग होईल.

लोखंडी_भिंत :
गियर नाहीच. तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: डंजनमध्ये टँक आलेल्या माराला उत्तर देतो, रेडमध्ये तो मार येण्याआधी ठरवावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण वाइप (सगळा गट मरणं) तिथेच होतो. शील्ड ब्लॉक मेली फटक्यांसाठी आहे. जादूचा बस्टर असेल तर तो काहीच करत नाही. म्हणून प्रत्येक बॉसच्या बस्टरबद्दल आधी एवढंच शोधा: तो शारीरिक की जादूचा, आणि ब्लॉक होतो का. खेळातल्या अ‍ॅडव्हेंचर गाइडमध्ये बॉसच्या प्रत्येक हल्ल्याचं वर्णन असतं, टँकसाठी महत्त्वाच्या हल्ल्यांवर ढालीची खूण असते.

आता हिशेब. तुमची हेल्थ १०० धरा. बस्टर ११० चा आहे आणि जादूचा आहे. त्याच्या मागोमाग दीड-दोन सेकंदांत बॉसचा साधा फटका येतो, तो २५ चा धरा.

नुसता डिमोरलायझिंग शाउट (२० टक्के कपात) असेल तर बस्टर ८८ चा होतो. तुम्ही १२ वर उभे, आणि साधा फटका तुम्हाला संपवतो. स्क्रीनवर दिसतं की साध्या फटक्याने मेलो, पण मेलात ते बस्टरच्या तयारीत.

शील्ड वॉल (४० टक्के, ८ सेकंद) असेल तर बस्टर ६६ चा. त्याच वॉलमध्ये मागचा फटकाही १५ चा होतो, तुम्ही १९ वर राहता.

शाउट आणि स्पेल रिफ्लेक्शन एकत्र लावलं, म्हणजे जादूवर २० आणि २०, तर बस्टर ७० च्या आसपास येतो आणि वॉल शिल्लक राहते. साधा फटका शाउटमुळे २० चा होतो, त्यात शील्ड ब्लॉक आधीपासून चालू असेल तर आणखी कमी. १०० वरून सुरुवात केली तर हे पुरतं. ७० वरून केली तर नाही, म्हणून बस्टरच्या वेळी हेल्थ भरलेली असणं हासुद्धा योजनेचा भाग आहे, आणि तो हीलरला माहीत हवा.

एक लक्षात ठेवा: टक्के बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात. २० आणि २० मिळून ४० होत नाहीत, ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ३६ टक्के कपात. ४० आणि २० मिळून ५२. म्हणून तीन-चार कूलडाउन (एकदा वापरल्यावर ठरावीक वेळ थांबावं लागतं अशी कौशल्यं) एकावर एक ओतण्यात नासाडी जास्त. दोन लावा, बाकीचे पुढच्या बस्टरला. आकडे पॅचप्रमाणे थोडे हलतात, टूलटिप बघून आपला तक्ता करा.

तक्ता म्हणजे कागदावर एकच रकाना: बस्टर किती वाजता येतो, त्याला काय लावायचं. शील्ड वॉल ३ मिनिटांची धरली आणि लढत साडेसहा मिनिटांची, तर ०:२० ला वापरलेली वॉल ३:२० आणि ६:२० ला परत मिळते, एकूण तीन वेळा. "वेळ आली की वापरू" म्हणत १:३० पर्यंत धरून बसलात तर दोनदाच मिळते. कठीण प्रसंगासाठी राखून ठेवलेला कूलडाउन बहुतेक वेळा न वापरताच लढत संपते.

अ‍ॅग्रोचं थोडक्यात. पुल टायमर शून्यावर येताना चार्ज, लगेच शील्ड स्लॅम, थंडर क्लॅप, रिव्हेंज. अ‍ॅव्हाटारसारखे डॅमेज वाढवणारे कूलडाउन सुरुवातीलाच लावा, कारण टँकचा थ्रेट (बॉस कुणावर जाईल हे ठरवणारा आकडा) डॅमेजमधूनच येतो. हंटरला मिसडायरेक्शन आणि रोगला ट्रिक्स ऑफ द ट्रेड (त्यांचा थ्रेट तुमच्याकडे वळवणारी कौशल्यं) तुमच्यावर लावायला सांगा. मेलीतला डीपीएस तुमच्या ११० टक्क्यांवर आणि लांबचा १३० टक्क्यांवर गेला की बॉस वळतो, त्यामुळे थ्रेट मीटरवर कुणी १०० च्या जवळ दिसला तर तोंडाने सांगा, टाँट (बॉसला सक्तीने आपल्याकडे वळवणारं कौशल्य) त्यावर उडवू नका. टाँटला ८ सेकंदांचा कूलडाउन आहे आणि दोन टँकांच्या अदलाबदलीच्या वेळी तो हातात नसणं फार महागात पडतं.

उत्तरमुखी :
फायनल फँटसी १४ मधून लिहितो. तिथे ८ जणांत दोन टँक, तत्त्व तेच. बॉस फिरण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडे मेलीवाल्यांचे काही वार पाठीमागून किंवा बाजूनेच नीट बसतात आणि फिरणारा बॉस त्यांचं डॅमेज खातो.

बॉस गर्रकन फिरतो कारण टँक त्याच्या अंगातून आरपार जातो. तुम्ही पलीकडे पोचलात की तो जागेवरच १८० अंश वळतो आणि जे त्याच्या पाठीशी होते ते समोर येतात. म्हणून दिशा बदलायची असेल तर त्याच्या कडेकडेने गोल जा. जागा बदलायची असेल तर त्याच्यापासून सरळ मागे सरका, मेलीच्या टप्प्याबाहेर गेलात की तो आपोआप तुमच्या मागे येतो.

आता सरकायचं कसं. मागे चालण्याची की वापरू नका. वॉरक्राफ्टमध्ये पुढे धावण्याचा वेग सेकंदाला ७ यार्ड आहे, मागे चालण्याचा ४.५. पाठ फिरवून धावलात तर वेग मिळतो पण पाठीमागून येणारा फटका तुम्ही डॉज, पॅरी, ब्लॉक काहीच करू शकत नाही. उपाय म्हणजे स्ट्रेफ, तोंड न वळवता बाजूला सरकणं. डावी-उजवीकडे वळण्याच्या की काढून तिथे स्ट्रेफ बसवा, वळायचं काम माउसच्या उजव्या बटणाने करा, आणि तिरपे निघा, म्हणजे बॉस तुमच्या समोरच्या अर्ध्या वर्तुळात राहतो. ही एक सवय बसायला आठवडा-दोन आठवडे हात अडखळतात, पण त्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

वेळही महत्त्वाची. बहुतेक बॉस कास्ट (पट्टीवर दिसणारी हल्ल्याची तयारी) चालू असताना हलत नाहीत. त्या वेळात तुम्ही लांब गेलात तर कास्ट संपल्यावर तो सुसाट येतो आणि मेलीवाले मागे राहतात. कास्ट संपू द्या, मग तीन-चार पावलं, थांबा, पुन्हा तीन-चार. मेलीवाल्यांचे मोठे कूलडाउन चालू असताना तर शक्यतो हलूच नका.

आमच्याकडे आणखी एक बाब आहे. कास्टची पट्टी संपते त्या क्षणी फटक्याचा हिशेब ठरतो, आकडा मात्र अ‍ॅनिमेशननंतर दिसतो. फटका दिसल्यावर रॅम्पार्ट (मार कमी करणारा कूलडाउन) लावणारा टँक उशिरा लावतो आणि "लावलं होतं तरी मेलो" म्हणतो. पट्टीचे शेवटचे दोन-तीन सेकंद उरले असताना लावा. रिप्रायझल (बॉसचा मार कमी करणारा) तर बॉसवर लागतो आणि त्याचा टप्पा छोटा आहे, ५ याल्म (आमच्या खेळातलं अंतराचं एकक). लांब उभं राहून दाबलात तर वाया. मेल्यावर टँक स्टान्स (बॉसचं लक्ष खेचणारी अवस्था) उतरतो, उठवलं की आधी तो चालू करा. दर वाइपनंतरच्या पुलमध्ये अ‍ॅग्रो जाण्याचं हे सगळ्यात साधं कारण.

संजीवनी_२४ :
हीलरच्या बाजूने दोन शब्द. लोखंडी_भिंत म्हणतात तो तक्ता आम्हालाही द्या. टँकची हेल्थ कमी झाली हे आम्हाला दिसतं, पण तुमच्या हातात काय उरलंय ते दिसत नाही. आमचं पेन सप्रेशन ४० टक्के कापतं, ८ सेकंद. आयर्नबार्क २० टक्के, १२ सेकंद. हे तुमच्या वॉलवरच पडले तर दोन्ही अर्धवट वाया. ज्या बस्टरला तुमच्याकडे काहीच नाही, त्या बस्टरवर आमचं नाव लिहा.

आवाजावर बोलताना वाक्यं लांबवू नका. "वॉल लावली, आठ सेकंद", "पुढच्याला काही नाही, सप्रेशन हवं", "अ‍ॅड डावीकडे, घेतला". "मला वाचवा" यातून काहीच कळत नाही.

आणि अ‍ॅड (मध्येच येणारे जादा शत्रू) आले की ते आमच्याकडेच का धावतात, ते समजून घ्या. हीलिंगचाही थ्रेट होतो आणि तो लढतीतल्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. नव्या अ‍ॅडवर दुसऱ्या कुणाचा थ्रेट नसतो, त्यामुळे आमचा तेवढासाच पुरतो. अ‍ॅड निघतात त्या जागी दोन सेकंद आधी उभे राहा आणि निघताक्षणी थंडर क्लॅप मारा. ते आमच्यापर्यंत पोचल्यावर टाँट मारून एकच परत येतो, बाकीचे तिथेच राहतात.

नवीढाल :
बस्टरचं गणित नीट कळलं, जादूचे बस्टर कुठले तेच बघितलं नव्हतं. अदलाबदलीबद्दल विचारायचं होतं. डीबफचे (फटक्याने टँकवर चढणाऱ्या दुष्परिणामाचे) २ स्टॅक (थर) झाले की टाँट करायचा असं ठरवलंय, पण कधी टाँटनंतर बॉस पुन्हा डेथ नाइटकडे जातो, कधी माझ्यावरच लगेच तिसरा स्टॅक येतो. टाँट कास्टच्या मध्ये करायचा की नंतर?

लोखंडी_भिंत :
टाँट दोन कामं करतो: ३ सेकंद बॉसला सक्तीने तुमच्याकडे वळवतो, आणि तुमचा थ्रेट यादीतल्या पहिल्याइतका करतो. तितकाच, जास्त नाही. म्हणून त्या ३ सेकंदांत तुम्ही काय मारता त्यावर बॉस टिकणार की जाणार हे ठरतं. शील्ड स्लॅम टाँटच्या आधी उडवू नका, तो हातात ठेवून टाँट करा आणि लगेच मारा. समोरच्या टँकने त्याच वेळी आपले मोठे वार थोडे आवरते घ्यायचे. ब्लड डेथ नाइटला हे अवघड जातं, कारण त्याचा डेथ स्ट्राइक हा त्याचा जीव आहे: मागच्या ५ सेकंदांत झालेल्या डॅमेजच्या हिशेबाने तो हेल्थ परत देतो. तो थांबवायला सांगू नका. डॅमेजचे कूलडाउन अदलाबदलीच्या तोंडावर लावू नकोस, एवढंच सांगा.

जाता जाता, यावरूनच दोघांचे तक्ते वेगळे का असतात ते कळेल. वॉरियर फटक्याआधी तयारी करतो, डेथ नाइट फटक्यानंतर भरून काढतो. एकाच बस्टरला त्याची हेल्थ खाली-वर नाचते आणि तुमची हलत नाही, दोन्ही ठीक आहे.

वेळेचं उत्तर: सर्वसाधारणपणे, डीबफ देणारा फटका समोरच्याला बसला की त्याच्या पाठोपाठ टाँट. आधी केलात तर तो फटका तुमच्यावर येतो, तुमचा तिसरा स्टॅक हाच. पण काही बॉस कास्ट सुरू करताना ज्याच्याकडे तोंड असेल त्यालाच धरतात, मध्ये टाँट केला तरी फटका जुन्या टँकवर जातो. काही कास्ट संपताना जो टँक असेल त्याला मारतात. हे पहिल्या दोन पुलमध्ये मुद्दाम तपासून घ्या आणि ठरवा. दुसरी गोष्ट, "२ स्टॅक" हा नियम डोळे मिटून पाळू नका. तुमचे जुने स्टॅक उतरायला ज्या वेळी ३ सेकंद बाकी असतील त्या वेळी टाँट केला तर नवा स्टॅक जुन्यावर चढतो आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून. आपला डीबफ उतरला का ते बघा, मग त्याचा घ्या. तो उतरला नसेल तर "तीनपर्यंत धर" म्हणा, आणि त्या तिसऱ्यासाठी त्याच्याकडे कूलडाउन आहे ना ते आधीच तक्त्यात असू द्या.

उत्तरमुखी :
आमच्याकडे याच जागी प्रोव्होक (आमचा टाँट) आणि शर्कची जोडी आहे. घेणाऱ्याने प्रोव्होक करायचा, देणाऱ्याने लगेच त्याच्यावर शर्क. शर्कने देणाऱ्याची २५ टक्के एन्मिटी (आमच्याकडचा थ्रेट) घेणाऱ्याकडे जाते. पण शर्कचा कूलडाउन १२० सेकंद आणि प्रोव्होकचा ३०, त्यामुळे लागोपाठच्या अदलाबदलीत दर वेळी शर्क मिळेल असं धरू नका. तिथे देणाऱ्याने स्टान्स काढणं हा पर्याय.

मेल्यानंतर काय बघायचं ते सांगतो. वॉरक्राफ्ट लॉग्ज किंवा एफएफ लॉग्जवर (लढतीच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) आपला मृत्यू उघडा आणि शेवटचे १० सेकंद वाचा. शेवटच्या फटक्यावर थांबू नका. हेल्थ ज्या फटक्याने निम्म्याखाली गेली तो शोधा. त्या क्षणी तुमच्यावर कोणती कपात चालू होती, शील्ड ब्लॉक संपून किती वेळ झाला होता, कोणते कूलडाउन मोकळे पडले होते, आणि हीलिंग येत होतं का. कूलडाउन मोकळा असेल तर तक्त्यात त्या वेळेसमोर तो लिहा. सगळे वापरून झाले असतील तर आधीच्या बस्टरला एक जास्त लावला होता का ते बघा. आणि हीलिंगच नसेल, तर त्या वेळी हीलर कुठे धावत होते ते नकाशावर पाहा. बऱ्याचदा टँकने बॉस इतका लांब नेलेला असतो की हीलर टप्प्याबाहेर जातात.

सरावासाठी रेडची वाट पाहू नका. वॉरक्राफ्टमध्ये २०२४ च्या सुरुवातीपासून फॉलोअर डंजन आहेत, फायनल फँटसीत ड्यूटी सपोर्ट आहे. दोन्हीकडे सोबती खेळानेच दिलेले असतात, कुणी घाई करत नाही. तिथे फक्त स्ट्रेफ करत बॉस कडेकडेने फिरवण्याचा आणि कास्टची पट्टी संपायच्या आत कूलडाउन लावण्याचा सराव करा. अ‍ॅग्रोचा सराव मात्र तिथे होणार नाही, त्यासाठी खरे डीपीएस लागतात.

संजीवनी_२४ :
हीलर टप्प्याबाहेर जाण्याबद्दल: वॉरक्राफ्टमध्ये बहुतेक हील ४० यार्डांपर्यंतच पोचतात आणि मध्ये खांब आला तर तेही नाही. बॉस खांबाआड न्यायचाच असेल, तर नेण्याआधी पाच सेकंद "खांबामागे जातोय" म्हणा. एक हीलर तुमच्या बाजूला सरकून उभा राहील.